घरचे पौष्टिक फळांचे मफिन्स: तुमचे अनुभव लिहा

लेकीच्या डब्यासाठी वर्षभर दर रविवारी केळ्याचे मफिन्स करतेय, मैदा आणि साखर दोन्ही बंद. दीड वाटी कणीक, काळे डाग पडलेली तीन केळी, अर्धी वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, चमचाभर बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि वेलची. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आधी तापवून १८० डिग्रीला २० ते २२ मिनिटं. पहिले तीन रविवार दगड झाले, कारण मी बॅटर भज्यांच्या पिठासारखं फेसत बसायचे आणि कणीक फेसली की ग्लूटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनामुळे, चिवट होते. आता कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवते, गुठळ्या राहिल्या तर राहू देत. तुम्ही कुठली फळं घालता, काय बिघडलं, काय जमलं, सगळं लिहा.

—

ताई, गिरणीवरची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, त्यामुळे मैद्याची रेसिपी जशीच्या तशी कणकेवर केली की मफिन कोरडा होतो. मी दोन-तीन चमचे दूध वाढवते. बॅटर चमच्यातून धार धरून नाही तर थबकन पडलं पाहिजे.

—

आमचं डहाणूकडे माहेर, त्यामुळे घोलवडचे चिकू पेटीने येतात आणि चार दिवसांत सगळे एकदम पिकतात. तेव्हा चिकूचे मफिन्स. चिकू अगदी मऊ हवा, जरा कच्चा असला तरी तुरटपणा भाजल्यावरही जात नाही आणि जीभ चिकटल्यासारखी होते, आमची एक अख्खी बॅच अशी गेली. पिकलेला असेल तर गूळ निम्माच घाला. रंग इतका सुंदर तपकिरी येतो की मुलं चॉकलेटचा समजून खातात.

—

मी पुण्यात रूमवर राहतो, ओव्हन नाही. कुकरमध्ये मीठ पसरायचं, रिंग आणि शिट्टी काढायची, दहा मिनिटं तापवायचा, आणि स्टँडवर तेल लावून कणीक भुरभुरवलेल्या स्टीलच्या वाट्या. मंद गॅसवर ३५ मिनिटं लागतात. एकदा रिंग काढायची राहिली, वाफ आतच कोंडली, झाकणाचं पाणी टपटप वर पडलं आणि वरचा भाग ओला गिचका. तेवढी रिंग आठवणीने काढा.

—

इकडे न्यू जर्सीत ब्लूबेरी मुबलक. पहिल्यांदा केले तेव्हा कापल्यावर बेरीभोवती हिरवट कडं, मला वाटलं बुरशी, सगळे फेकले आणि नंतर फार वाईट वाटलं. बेरीचा जांभळा रंग सोड्यामुळे हिरवा-निळा होतो, खायला काही हरकत नसते. आता सोडा कमी आणि दही जास्त. फ्रोझन बेरी वितळू न देता शेवटी घालते, चमचाभर कणकेत घोळवून, म्हणजे तळाला बसत नाहीत.

—

स्ट्रॉबेरीलाही हेच करून पाहिलं पण फार पाणी सुटतं. महाबळेश्वरची आणली होती, आधी फोडी कढईत गुळाबरोबर आटवून घेतल्या तेव्हा कुठे जमलं. कच्च्या फोडी घातलेल्यांना मधे ओलसर भोकं पडली होती.

—

एक काळजीने सांगते. बाबांना मधुमेह आहे आणि कणकेचे, गुळाचे म्हणून ते संध्याकाळी तीन खायचे. गूळ झाला तरी साखरच, शिवाय केळं. मी आता गूळ वगळून दोन खजूर आणि मूठभर अक्रोड घालते, लहान कपात भरते आणि त्यांना एकच देते, तोही जेवणानंतर नाही, चारच्या चहाला.

—

हे सगळं वाचून आजीचं तवशाचं धोंडस, म्हणजे मोठ्या काकडीचा कोकणी केक, आठवलं. तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, किसलेलं तवसं, पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. कडेचा खरपूस पापुद्रा आम्ही भांडून घ्यायचो. मागच्या आठवड्यात तेच मिश्रण मफिनच्या साच्यात घालून ओटीजीत लावलं, १८० ला ४० मिनिटं लागली. प्रत्येकाच्या वाट्याला आपापली कड आली. आईने पहिला घास घेतला आणि विचारलं, हळदीचं पान का नाही घातलंस तळाला?