हायब्रिड पेरोव्स्काइटसाठी कोणता न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर मागू?

पावडरवाली_पुणे
नमस्कार. पीएचडीचं तिसरं वर्ष. माझं सॅम्पल मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड, म्हणजे शिसं-आयोडीनच्या पिंजऱ्यात सेंद्रिय आयन असलेला हायब्रिड पेरोव्स्काइट. स्फटिकाच्या पिंजऱ्यात अडकलेला तो सेंद्रिय आयन किती वेगाने फिरतो, हे मोजायचंय. शिशाशेजारचा हायड्रोजन क्ष-किरणांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून न्यूट्रॉन. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आयएलएल या न्यूट्रॉन संस्थेतल्या आयएन१६बी स्पेक्ट्रोमीटरचं रिझोल्यूशन (ऊर्जेतला किती बारीक फरक ओळखतो ते) १ मायक्रो-इव्हीच्याही (इलेक्ट्रॉन-व्होल्टचा दशलक्षांश) आत आहे. तोच मागावा ना?

बीमलाइनवरचा
ताई, प्रपोजल पाठवायच्या आधी थोडं गणित कर. ०.६६ भागिले दोन उड्यांमधला वेळ पिकोसेकंदांत, की रेषेची (विखुरलेल्या न्यूट्रॉनच्या ऊर्जेच्या शिखराची) रुंदी मिलि-इव्हीत मिळते. आयन १० पिकोसेकंदांत एकदा उडी मारत असेल तर रेषा साधारण ६६ मायक्रो-इव्हीने रुंदावते. आयएन१६बी नेहमीच्या मांडणीत ±३० मायक्रो-इव्हीच्या आसपासचीच ऊर्जेची खिडकी बघतो. खोलीच्या तापमानाला तुझा आयन काही पिकोसेकंदांत उड्या मारतो, म्हणजे रेषा खिडकीबाहेर सांडणार. आत उरेल ती सपाट पार्श्वभूमी, आणि तू लिहिशील की हालचालच नाही. माझ्या पहिल्या बीमटाइमला (यंत्रावर मिळालेल्या वेळेत) नेमकं हेच झालं, तीन दिवस गेले.
ऑक्सफर्डजवळच्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्रातला ओसायरिस स्पेक्ट्रोमीटर माग. रिझोल्यूशन २५ मायक्रो-इव्ही, खिडकी ऐसपैस. अमेरिकेतल्या ओक रिजचा बेसिस या दोघांच्या मधला: साधारण ३.५, आणि ±१०० पर्यंत दिसतं.

ट्रॉम्बेकर
दोघांनाही नमस्कार. आयएन१६बीची बॅकस्कॅटरिंग पद्धत इतकं बारीक का मोजते, हे समजून घे बाळा, मग निवड सोपी जाते. सिलिकॉनच्या स्फटिकावरून न्यूट्रॉन आल्या वाटेनेच परत फिरवला की कोनातल्या छोट्या चुकीचा तरंगलांबीवर परिणाम जवळपास उरत नाही. त्याची किंमत म्हणजे अरुंद खिडकी.
परदेशी अर्जाआधी ध्रुववर, म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अणुभट्टीवर, प्रयत्न कर. तिथल्या क्वासी-इलास्टिक (अशीच रुंदावलेली रेषा मोजणाऱ्या) स्पेक्ट्रोमीटरचं रिझोल्यूशन २०० मायक्रो-इव्ही आहे. कार्बन-नायट्रोजन अक्षाभोवतीची झपाट्याची गिरकी त्यात सापडू शकते. विद्यापीठांसाठी यूजीसी-डीएई कन्सोर्टियमचं मुंबई केंद्र आहे, तिथे चौकशी कर. भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार कॅनडातल्या चॉक रिव्हरला न्यूट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीवाल्या ब्रॉकहाऊसबरोबर काम शिकून परतले, तेव्हापासून ट्रॉम्बेत हे शास्त्र रुजलंय. घरचा डेटा जोडलेलं प्रपोजल भक्कम दिसतं.

पावडरवाली_पुणे
काका, दादा, मनापासून आभार. मग आयएन१६बी सोडूनच देऊ? आणि पावडर किती लागेल?

बीमलाइनवरचा
सोडू नकोस, दुसऱ्या टप्प्यात ठेव. साधारण १६० केल्विनच्या खाली संपूर्ण आयनाच्या उड्या थांबतात, अक्षाभोवतीची गिरकी उरते आणि थंडीत तीही मंदावते. तिथे तोच हवा. आधी इलास्टिक स्कॅन घे: थंड सॅम्पल हळूहळू तापवत फक्त मधल्या शिखराची उंची मोजायची. ती जिथे घसरते तिथेच लांब मोजणी कर.
पावडरच्या वजनापेक्षा थराची जाडी बघ. शंभरातले दहाच न्यूट्रॉन विखुरले पाहिजेत, जास्त झाले तर एकच न्यूट्रॉन दोनदा आपटतो आणि रेषेचा आकार बिघडतो. सॅम्पलचा कॅन ग्लोव्हबॉक्समध्येच (कोरड्या, बंद पेटीत) भर, इंडियमच्या तारेने बंद कर, आणि तसल्याच आकाराच्या व्हॅनेडियमचं माप घे, त्यावरून यंत्राची स्वतःची रुंदी कळते.

ट्रॉम्बेकर
जमलं तर एक सॅम्पल नायट्रोजनकडचे तिन्ही हायड्रोजन बदलून ड्युटेरियमचं कर. मग सिग्नल मुख्यतः मिथाइलच्या टोकाचा उरेल, आणि कोणतं टोक किती फिरतं ते वेगळं काढता येईल.