मोठेपणी इंग्रजी बोलायला-ऐकायला शिकलात? अनुभव सांगा

गोदाकाठची
काल कामासाठी नाशिकच्या शालिमारला गेले होते. एका इमारतीच्या जिन्यात पाच-सहा बायका उभ्या होत्या, हातात वह्या, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. वर पाटी, स्पोकन इंग्लिश. मी तिथेच थबकले. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका जिन्यात मी पर्स छातीशी धरून उभी होते आणि वर जावं की परत फिरावं ते ठरत नव्हतं.

आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत. मुलीला मात्र पहिलीपासून इंग्रजी, कारण २०००पासून मराठी शाळांतही ते पहिलीला आलं. मला वाचता यायचं, अर्जही लिहिता यायचा. पण ऑफिसात फोनवर पलीकडून इंग्रजी आलं की मी 'वन मिनिट' म्हणून रिसीव्हर शेजारच्या टेबलावर द्यायचे. अशी नऊ वर्षं काढली.

आमच्या बाई निवृत्त शिक्षिका. पहिला महिनाभर वह्या पिशवीतच ठेवायला लावल्या. त्या एक उतारा तीनदा वाचायच्या, आणि काय ऐकलं ते आम्ही मराठीत सांगायचं. बोलायला लागलो तेव्हा नियम एकच, चुकलं तरी वाक्य पुरं करायचं. समोर सगळ्या आपल्यासारख्याच, त्यामुळे कुणी हसायचं नाही. तिसऱ्या महिन्यात एक फोन मी स्वतः घेतला, पॉलिसी नंबर लिहून घेतला, परत वाचून दाखवला. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते.

तुमचं सांगा. शिकलात, शिकताय, अर्धवट सोडलंय, काहीही.

सातपूरकर
मी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. जर्मन पाहुणे ऑडिटला आले तेव्हा सगळं कळलं, कारण तेही आपल्यासारखंच शिकून बोलतात, सावकाश. अमेरिकेच्या कॉलवर गाडी अडली. शब्द ओळखीचे, पण एकमेकांना चिकटून येतात. मग सीनियरने सवय लावली, ऐकलं ते लगेच परत म्हणायचं. 'सो, रिव्हिजन बी, प्लस मायनस पॉइंट झीरो टू, राइट?' चुकीचं असेल तर समोरचा तिथेच दुरुस्त करतो. एकदा त्यामुळे अख्खा लॉट वाचलाय. सेकंड शिफ्ट आहे, बाकी नंतर लिहितो

निफाडची बाग
थर्टीन आणि थर्टी!!! याच्यावर उपाय सांगा कोणीतरी
एजंटने फोनवर १३ टन द्राक्षे सांगितली, म्हणजे एक कंटेनर. मी ऐकले ३०. काढणीचे मजूर, क्रेट, गाड्या, सगळी तयारी त्या हिशेबाने. रात्री मेसेज आला तेव्हा पोटात गोळा आला. ब्रिक्स (गोडी), साइज, रेसिड्यू (औषधाचे अंश) रिपोर्ट हे सगळं इंग्रजीत बोलतो मी, आकड्यातच अडकतो

पाथर्डी फाटा
इंदिरानगरकडे सकाळचे वर्ग आहेत का कुठे? मुलं शाळेत गेल्यावर १० ते १२ वेळ असतो

सनीव्हेलची आजी
निफाडकर, आमच्या शिक्षिकेने हे टाळ्या वाजवून शिकवलं. थर्टी म्हणताना जोर पहिल्या तुकड्यावर, थर्. थर्टीनमध्ये जोर शेवटी, टीन् लांबतो. आपल्या मराठीत असा जोर लागत नाही म्हणून कान तो पकडत नाही. तरी खात्री नसेल तर सरळ विचारायचं, 'वन-थ्री ऑर थ्री-झीरो?' इथले लोकसुद्धा असंच विचारतात.

मी मूळची पंचवटीची. मुलाकडे कॅलिफोर्नियात आले तेव्हा नातू माझ्याशी इंग्रजीत बोलायचा आणि मी नुसती मान हलवायचे. एक दिवस तो आईला म्हणाला, आजी ऐकतच नाही. ते लागलं मनाला. सून कम्युनिटी कॉलेजात घेऊन गेली. इथे परक्या भाषेच्या लोकांसाठी नॉनक्रेडिट, म्हणजे पदवीत न धरले जाणारे वर्ग असतात, त्यांना फी लागत नाही. आधी छोटी परीक्षा घेतात, ऐकून उत्तरं द्यायची, मग त्याप्रमाणे वर्ग ठरतो. मला सगळ्यात खालचा मिळाला. बाकावर एका बाजूला व्हिएतनामी बाई, दुसरीकडे मेक्सिकोचा सुतार. मराठीत वळायची सोयच नाही! घसा कोरडा पडला तरी इंग्रजीतच पाणी मागायचं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते कॅन आणि कान्ट. इथले लोक कान्टमधला शेवटचा ट् गिळतात. मी त्या ट् ची वाट बघत बसायचे. खरी खूण निराळी आहे. 'मी येऊ शकते' म्हणताना कॅनचा नुसता 'क्न' होतो, आणि नाही म्हणायचं असेल तेव्हा 'कॅन्' ठसठशीत येतं. हे कळल्यावर डॉक्टरांचं बोलणं उलगडायला लागलं.

गोदाकाठची
आजी, हे फार मोलाचं लिहिलंत. वय विचारू का?

सनीव्हेलची आजी
६७. पंचवटीत ते पाच वड आहेत ना गं अजून?

रामकुंड ते काळाराम
आहेत आजी. सीता गुंफेपाशी रोज असतो मी. गर्दी खूप वाढलीये, कुंभाची कामं पण सुरू आहेत
मी यात्रेकरूंना फिरवतो. २०१५च्या कुंभात परदेशी लोक आले तेव्हा माहिती सगळी तोंडपाठ, पण त्यांनी मध्येच प्रश्न विचारला की मी परत पहिल्यापासून सुरू करायचो. आता २०२७ची तयारी म्हणून पाठांतर सोडलंय, बायको मराठीत प्रश्न विचारते आणि मी इंग्रजीत उत्तर देतो. रात्री भांडी घासताना चालतं आमचं

सनीव्हेलची आजी
देव तुमचं भलं करो. दोघांचंही.

नाइट ड्युटी
नर्स आहे. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगला ४ भाग, ४० प्रश्न, आणि रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. पहिल्या वेळी नावाचं स्पेलिंग सांगितलं त्यात ए आणि ई उलट लिहिले, 'डबल एल' म्हणाले ते कळेपर्यंत पुढचा प्रश्न गेला. खूप रडले होते. मग बीबीसीचा सहा मिनिटांचा इंग्रजीचा कार्यक्रम लावला. आधी नुसतं ऐकायचं, मग लिहिलेलं समोर धरून, मग परत नुसतं. ड्युटीवरून घरी येताना बसमध्ये. दुसऱ्या वेळी हवे तेवढे बँड, म्हणजे गुण, मिळाले

पाथर्डी फाटा
अभिनंदन ताई!! ऑनलाइन वर्गापेक्षा समोरासमोरचा बरा का?

नाइट ड्युटी
मला समोरासमोरचा. ऑनलाइनमध्ये मी माइक बंद करून बसायचे

ओझरचा
बाबांनी ४४व्या वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं. १९८९ला विद्यापीठ निघालं नसतं तर त्यांच्यासारख्यांना वाटच नव्हती. दिवसा नोकरी, रविवारी अभ्यासकेंद्र. इंग्रजीचा पेपर पास झाले, पण म्हणायचे, अरे मी पास झालो, माझी जीभ नाही झाली. मग टेपरेकॉर्डर आणला. पेपरमधली बातमी मोठ्याने वाचायची, कॅसेटवर घ्यायची, स्वतःच ऐकायची. खटकलं की पुसून परत. आम्ही झोपलेलो असायचो आणि ओट्यावरून त्यांचा आवाज यायचा.
बाबा जाऊन सहा वर्षं झाली. एक कॅसेट माझ्याकडे आहे. 'गुड इव्हनिंग' एवढंच चार वेळा म्हटलंय, पाचव्यांदा मनासारखं झालं आणि मग बातमी.

गोदाकाठची
वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

सातपूरकर
दादा ती लवकर डिजिटल करून घ्या. जुनी फीत चिकटते, मग मशीनमध्ये गुंतून तुटते. आधी हाताने पेन्सिलीने पुढे-मागे फिरवून बघा. माझ्याकडे चालू डेक आहे, सातपूरला या, रविवारी सुट्टी असते

ओझरचा
येतो. रविवारी नक्की.

निफाडची बाग
आजी, आत्ताच एजंटचा फोन झाला. विचारले, 'वन-फोर ऑर फोर-झीरो?' वन-फोर म्हणाला. मजुरांना सांगितलंय, उद्या दव उतरलं की काढणी