मिशनऱ्याने दर आठवड्याला घरी फोन करावा का?

जुईली (धागाकर्ती)
लॅटर-डे सेंट्स चर्चच्या (लोक त्यांना मॉर्मन म्हणतात) तरुण मिशनऱ्यांना पूर्वी वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याला ईमेल आणि पत्रं. 15 फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी फोन किंवा व्हिडिओ कॉल चालतो. मुलगे 24 महिने घराबाहेर असतात, मुली 18. माझ्या मते या बदलाने नुकसान जास्त झालं.

अमेरिकेतून फिलिपिन्सला गेलेला मुलगा घ्या. सुट्टीचा दिवस, म्हणजे पी-डे, बहुधा सोमवार, आणि तो संध्याकाळी सहाला संपतो. सहानंतर पुन्हा कामाला. तेवढ्यात आठवड्याचे कपडे धुणं, बाजार, खोलीची साफसफाई, केस कापणं, ईमेल. त्यात तासा-दीड तासाचा कॉल. शिवाय मिशनरी जोडीने राहतात, त्या साथीदाराला सोडून जायचं नाही, दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. म्हणजे एक बोलतो आणि दुसरा बसून राहतो. दोघांचे कॉल धरले की दोन-तीन तास गेले.

रानवाट
अजिबात पटलं नाही. साडेसहाला उठणं, व्यायाम, अभ्यास, दिवसभर उन्हात दारोदार, साडेदहाला दिवे बंद. हे चक्र आठवड्यातले सहा दिवस चालतं, तेही 18-19 वर्षांच्या मुलांचं. पहिले 12 आठवडे नवा मिशनरी जुन्याच्या हाताखाली असतो आणि घराची आठवण सर्वात जास्त याच काळात छळते. ईमेलमध्ये मुलगा "सगळं ठीक आहे" लिहितो. व्हिडिओवर आईला गालफडं बसलेली दिसतात, बोलताना तो अडखळतो तेही कळतं. खचलेलं पोर वेळेत ओळखायची याहून सोपी सोय नाही.

करवंद
आईला दिसतं, कबूल. पण पुढे ती काय सांगते? ताप आणि अंगदुखी म्हटलं की अमेरिकेतल्या घरून हमखास सल्ला येतो, "आयबुप्रोफेन घे आणि झोप." फिलिपिन्समध्ये ताप म्हणजे आधी डेंग्यूची शंका, आणि डेंग्यूत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि रक्ततपासणी, एवढंच. खरा धोका तर ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना. ताप उतरला म्हणून मुलगा सायकल घेऊन निघतो आणि तिथेच घात होतो. आजारपणाचा पहिला फोन मिशन प्रमुखांच्या घरी गेला पाहिजे. घरच्या कॉलची सवय लागली की हा फोन राहून जातो.

रानवाट
डेंग्यूबद्दल शंभर टक्के सहमत. पण हा दोष सल्ल्याचा आहे, कॉलचा नाही. निघण्याआधीच आईवडिलांना सांगून ठेवा, औषधाचं नाव घ्यायचं नाही, "प्रमुखांना कळवलंस का?" एवढंच विचारायचं.

खडूपाटी
खरी अडचण घड्याळाची आहे. मनिलात सोमवारी सकाळी आठ म्हणजे अमेरिकेतल्या यूटा राज्यात रविवार संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात पाच. सगळे घरी असतात. मनिलात दुपारचे चार झाले की तिकडे मध्यरात्र उलटलेली. म्हणजे कॉल सकाळीच हवा. आणि कपडेही सकाळीच! जून ते नोव्हेंबर पावसाचे दिवस, नऊच्या आत दोरीवर पडले नाहीत तर दुपारच्या सरीत भिजतात, घरात वाळवले तर कुबट वास धरतात. म्हणून पांढरे शर्ट रविवारी रात्रीच बादलीत भिजवायचे, कॉलरच्या आतल्या पट्टीला साबणाची वडी घासून. पिवळ्या घामाच्या डागावर क्लोरीनचं ब्लीच ओतू नये, डाग आणखी पिवळा होतो. सकाळी एकजण पिळतो तेव्हा दुसरा कॉलवर, मग अदलाबदल. साथीदार हाकेच्या टप्प्यात राहतो आणि बसूनही राहत नाही.

ब्राझीलचं उलट. तिथली सोमवारची सकाळ यूटात पहाटे येते आणि दुपार कामाच्या वेळेत, त्यामुळे आईवडिलांना जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास काढावा लागतो. तिथे कॉल आपोआप आटोपशीर होतो.

जुईली
अदलाबदल मान्य. भाषेचं काय? सहा-नऊ आठवडे शिकून पोर फिलिपिन्समधल्या सेबूला उतरतं, तिथली सेबुआनो भाषा जेमतेम जिभेवर बसतेय आणि दर सोमवारी पुन्हा इंग्रजीत शिरतं.

खडूपाटी
एका तासाने भाषा मोडत नाही. दोन अमेरिकन साथीदार खोलीत आठवडाभर इंग्रजीत बोलतात, त्याने मोडते. त्यावर बोला.

शेवंती
मला वाईट वाटतं ते दुसऱ्या साथीदाराचं, आणि त्याच्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. तो बरेचदा फिलिपिनोच असतो. गावी आईकडे प्रीपेड फोन, त्यात लोड (रिचार्ज) नसला की नेट बंद. काहींच्या घरचे मुलगा या चर्चमध्ये गेला म्हणून बोलतच नाहीत. एका खोलीत एकाच्या पडद्यावर आख्खं कुटुंब हात हलवतंय आणि दुसरा कपडे पिळतोय. दोन फोनच्या काळात ही तफावत वर्षातून दोनदाच दिसायची.

करवंद
हा मुद्दा सगळ्यात वजनदार. आपल्याकडचंच बघा. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 ला मुंबईत आले आणि 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. ती बातमी अमेरिकेला जहाजानेच जायची, महिनोन्महिने लागायचे. पण ती वाट त्यांच्या सगळ्याच सोबत्यांना सारखी होती.

रानवाट
वाट सारखी होती म्हणून ती चांगली ठरत नाही. शेवंती, तुमच्या मुद्द्यावर उपाय आहे. फोन मिशनऱ्यानेच लावायचा असतो, म्हणजे वेळ त्याच्या हातात. 40 मिनिटांत आटपा. त्यातली पाच मिनिटं साथीदाराला पडद्यासमोर बोलवा, आईने त्याला नावाने हाक मारावी, जेवलास का विचारावं.

शेवंती
त्याला यायचं असेल तरच. आधी त्याला एकट्याला विचारा, कॉल चालू असताना नको. समोर सगळे बघत असताना तो नाही म्हणू शकत नाही.