फ्लेअर जॉइंटला ६० टक्के मार्क? युनिट लिहिताना निष्पत्ती आणि पुरावा किती नेमका हवा

वागळे_मास्तरीण

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका प्रशिक्षण संस्थेसाठी स्प्लिट एसी बसवण्याचं ३० तासांचं युनिट, म्हणजे अभ्यासक्रमाचा एक स्वतंत्र भाग, लिहिते आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांना १ श्रेयांक मिळतो, म्हणून एवढे तास. हातात आलेल्या जुन्या मसुद्यात पहिली निष्पत्ती (शिकून झाल्यावर काय यायला हवं ते सांगणारं वाक्य) होती, ‘प्रशिक्षणार्थ्याला एसी बसवण्याच्या पद्धतीची माहिती होईल.’ माहिती झाली की नाही, हे परीक्षकानं कशावरून ठरवायचं? अशा वाक्याखाली कोणालाही पास करता येतं आणि कोणालाही नापास.

मी लिहिलंय ते असं: ‘तांब्याच्या नळीला फ्लेअर करून (तोंड पसरवून) जोडतो, नायट्रोजनचा दाब देऊन गळती तपासतो, पंपानं नळीतली हवा ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप) खाली नेतो, आणि पंप बंद केल्यावर आकडा चढला तर का चढला ते सांगतो.’ पुरावा तीनच: परीक्षकानं समोर उभं राहून पाहिलेलं काम, मीटरच्या आकड्यांची फोटोसह नोंद आणि तोंडी प्रश्न.

खरा वाद पुढे आहे. आयटीआयच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाला ६० टक्क्यांना पास आहे, आणि सर्वांत खालच्या श्रेणीच्या वर्णनात कामात ६० ते ७० टक्के अचूकता चालते. वेल्डरच्या सरावाच्या तुकड्याला हे एक वेळ मान्य करू. पण ज्या जोडातून गॅस गळतो त्याला साठ मार्क कसे द्यायचे? माझं म्हणणं, गळती तपासणी, व्हॅक्यूम आणि अर्थिंग यांची सरासरी काढूच नये. यातलं एक जरी चुकलं तरी युनिट नापास. शिकून पुन्हा द्यावं. संस्थेत याला विरोध होतोय. तुमचं काय मत?

तुर्भे_वर्कशॉप

माझा विरोध आहे, आणि मनापासून आहे. ताई, तुम्ही हस्तकौशल्याचे तुकडे करताय. फ्लेअर करताना नळी कापल्यावर आतली धार नीट साफ झाली की नाही, हे हाताला कळतं. नट आवळताना कुठे थांबायचं, हे टॉर्क पाना सांगतो, पण नट तिरका चढतोय हे पाना सांगत नाही. हे तुमच्या कुठल्या ओळीत बसतं? ओळीत बसत नाही म्हणून पुराव्यात येत नाही, पुराव्यात येत नाही म्हणून शिकवलं जात नाही. उलट मुलगा काम अर्ध्यावर सोडून मोबाईल काढतो, मीटरचा फोटो घेतो आणि नोंदवहीत चिकटवतो. प्रशिक्षकाचा वेळ शिकवण्यापेक्षा सह्या करण्यात जातो.

आणि ‘एक चुकलं की नापास’ केलंत तर परीक्षक काय करतील ते मी सांगतो. नापास करायचं धाडस होणार नाही, सगळ्यांना टिक मारून मोकळे होतील. आज साठ टक्क्यांत निदान थोडा खरेपणा उरतो.

वागळे_मास्तरीण

तिरक्या नटाचा मुद्दा रास्त आहे, पण त्याची जागा युनिटात आहे. तिरका नट नायट्रोजनच्या चाचणीत पकडला जातो. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. हात कसा चालला याचं वर्णन मी लिहीत नाही, हातानं केलेलं टिकलं का, एवढंच विचारते.

हाताला कळतं ते डोक्यालाही कळलं पाहिजे, म्हणून शेवटचं कलम ठेवलंय. पंप बंद केल्यावर आकडा थोडा चढून थांबला तर आत ओलावा आहे. चढतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. दोन्हींवर उपाय वेगळा. जो मुलगा आकडा पाहून हे सांगतो आणि पुढे काय करणार तेही सांगतो, त्याची समज मला दिसली. यासाठी फोटोची गरज नाही. फोटो पुराव्यातून काढून टाकायला मी आजच तयार आहे.

नेरुळचा_प्राध्यापक

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला आणि आमच्याकडे निष्पत्तीवर आधारित शिक्षण जोरात आलं. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात प्रत्येक विषयाच्या निष्पत्त्या आणि पदवीच्या निष्पत्त्या यांचा तक्ता करायचा, दोन्हींचा संबंध किती घट्ट ते दाखवायला चौकटीत १, २ किंवा ३ भरायचे आणि मान्यता समिती येण्याआधी फायली पूर्ण करायच्या. चौकटीतला ‘२’ कशामुळे ‘३’ झाला हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येणार नाही.

ब्रिटनचा अनुभवही पाहा. तिथे २००८ मध्ये युनिट आणि श्रेयांकांची एक चौकट आली, १ श्रेयांक म्हणजे १० तास. प्रत्येक युनिटात निष्पत्ती आणि मूल्यमापनाचे निकष ठरलेल्या साच्यात लिहायचे. नियम फार जाचक झाले म्हणून २०१५ मध्ये ती चौकट मोडीत काढली. साचा काटेकोर केला म्हणून शिक्षण काटेकोर होत नाही. तुमचं युनिट चांगलं आहे, पण तुमच्यानंतर ते भरणारा माणूस तुमच्याएवढी काळजी घेईल का? याचं उत्तर युनिट लिहून मिळणार नाही.

ऐरोली_सर्व्हिस

माझ्याकडे एसीची कंत्राटं आहेत. प्रमाणपत्र घेऊन आलेली मुलं व्हॅक्यूम न करता थोडा गॅस सोडून नळीतली हवा हुसकवतात आणि मशीन चालू करून देतात. आर-३२ गॅस सौम्य का होईना, पण ज्वलनशील आहे. या मुलांना हे कुणी तरी पास केलंय. त्यामुळे सरासरी नको, या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूनं. फोटो हवा असेल तर असा घ्या, ज्यात मीटर आणि मशीनचा नंबर एकत्र दिसतो. ग्राहकाशी वाद झाला की मलाही तोच कामी येतो.

कळव्याचा_फिटर

मी कुठल्याही कोर्सला बसलो नव्हतो, उस्तादाच्या हाताखाली शिकलो. नंतर पूर्वानुभवाच्या मान्यतेसाठी, म्हणजे आरपीएलला, गेलो. तिथे लेखी पेपर आधी आणि काम नंतर, तेही घाईघाईत. इंग्रजी शब्द वाचताना अडखळलो, मात्र समोर मशीन ठेवलं असतं तर सगळं करून दाखवलं असतं. म्हणून मला असं नेमकं लिहिलेलं युनिट हवं आहे. काय करून दाखवायचं ते आधी कळलं, की कुठे शिकलो हे कुणी विचारू नये. आयटीआयच्या पुराव्यांच्या यादीत डायरी, प्रगती तक्ता, हजेरी आणि वक्तशीरपणाही आहे. माझ्यासारख्यानं हजेरी कुठून आणायची?

तुर्भे_वर्कशॉप

कळव्याच्या भाऊंचं पटलं. हजेरी हा कौशल्याचा पुरावा नव्हेच. तोंडी परीक्षा मराठीत किंवा हिंदीत, कामाच्या शब्दांतच व्हावी, हेही युनिटात लिहा.

पण ताई, ५०० मायक्रॉन लिहिलंत, ते मोजायला मायक्रॉन गेज लागतो. नेहमीच्या मॅनिफोल्डच्या (गॅसचा दाब दाखवणाऱ्या मीटरच्या) काट्यावर ते दिसत नाही. किती संस्थांकडे तो आहे? नसला तर मुलं आकडा पाठ करून नोंदवहीत ४८० लिहितील, आणि तुमचा सर्वांत नेमका निकष सर्वांत खोटा पुरावा होईल.

वागळे_मास्तरीण

तुमची शंका बरोबर आहे, म्हणून साधनांची अट युनिटाच्या पहिल्या पानावर घालते आहे: मायक्रॉन गेज नसलेल्या केंद्रात हे युनिट चालवता येणार नाही. आणि आकड्याची नोंद मुलानं नाही, परीक्षकानं करायची, गेज स्वतः पाहून. ‘एक चुकलं की नापास’ मात्र मी सोडणार नाही. पुन्हा परीक्षा देण्याची सोय त्याच आठवड्यात ठेवायची, म्हणजे परीक्षकाला ‘नाही’ म्हणणं जड जाणार नाही.

तुर्भे_वर्कशॉप

त्याच आठवड्यात पुन्हा परीक्षा द्यायची तर परीक्षक पुन्हा बोलवावा लागेल आणि त्याचं मानधन कोणीतरी द्यावं लागेल. संस्थेनं ते लेखी कबूल केलं तर माझा विरोध मागे घेतो. तोवर माझं मत ६० टक्क्यांना.