गळा उतरला, वाडा सुटतोय. पहाटेचा खर्ज ठेवू की सोडू?

लष्करवाली
नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागातली, वय ५२. सासर-माहेर एकाच गावात, त्यामुळे लग्नात माझा तानपुरा या गल्लीतून त्या गल्लीत आला, एवढंच. गाणारी म्हणवून घेत नाही, कार्यक्रम कधी केले नाहीत. आईनं लावलेला नेम तेवढा आहे: पहाटे तानपुरा जुळवायचा, मंद्र सा, म्हणजे खालचा खर्ज, धरून बसायचं, दूधवाल्यानं कडी वाजवली की उठायचं. शाळेतली नोकरी, सासूबाईंचं अंथरूण, सगळ्यात हा नेम टिकला.

आता सगळं एकदम आलंय. लेक शिकायला परदेशी गेली. वाटण्या होऊन वाडा विकला. दिवाळीनंतर आम्ही सिटी सेंटरला चौथ्या मजल्यावर राहायला जातोय. त्यात पाळी थांबल्यापासून गळाही साथ देईना. काळी पाचमध्ये गायचे (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून), आता वरचा, तार सप्तकातला सा लावायचा म्हणजे ओढाताण. हे म्हणतात, "अब बस भी करो, मोबाइलवर ध्यानाचं काहीतरी लाव." (आमच्याकडे मराठी अशीच बोलतात, सांभाळून घ्या.)

घर बदललं, शरीर बदललं, तरी कुणाचा नेम टिकलाय का? टिकवला कसा?

सुदामानगर_इंदूर
ताई, स्पष्ट बोलते, राग मानू नका. ज्याला जागा, वाद्य आणि शेजाऱ्यांची परवानगी लागते, तो नेम बदल्यांमध्ये मरतो. ह्यांच्या नोकरीपायी आम्ही किती गावं पालथी घातली! मी पोळ्या लाटताना मनाचे श्लोक म्हणते. २०५ आहेत. जिथे कणीक संपते तिथे थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुढून. कुठल्याही ओट्यावर चालतं. तानपुरा लेकीसाठी ठेवा आणि हलकं काहीतरी धरा.

जनकगंजचे_मास्तर
इंदूरच्या ताईंचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, पण लष्करवाली, तू सोडू नकोस. (वयानं मोठा आहे, अगं-तुगं करतो.) जन्मभर मुलांना गाणं शिकवलं, तेव्हा थोडं हक्कानं लिहितो.

आधी गळ्याचं. पाळी थांबल्यावर संप्रेरकं कमी होतात, स्वरतंतूंवर परिणाम होतो आणि पुष्कळ बायकांचा आवाज खाली येतो. तीन आठवड्यांच्या वर घोगरेपणा राहिला तर मात्र कान-नाक-घसावाल्याला दाखव, तिथे काढे नकोत. तसं काही नसेल तर उपाय साधा आहे: काळी पाच सोड, काळी चारवर ये. एक पूर्ण स्वर खाली. अगं, आपल्या संगीतात सा आणि पंचम अचल, पण सा कुठल्या पट्टीत धरायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तानपुरा उतरव, सगळं गाणं तुझ्याबरोबर खाली येतं, एक श्रुतीही इकडची तिकडे होत नाही. बायका इथेच अडतात. जुन्या पट्टीत गाता येत नाही म्हणून रडतात आणि गाणंच बंद करतात. पट्टी हा काय मानाचा प्रश्न आहे?

तारा सैल पडल्या की जवारी, म्हणजे तारेची गुंजन, बदलेल, घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) दोरा थोडा सरकवावा लागेल. आधी पंचमाची तार बघ, मग मधली जोडी, खर्ज शेवटी. दोरा केसभर पुढे-मागे करत राहा. एका जागी तार एकदम उघडी बोलते, तिथे थांब.

शेजाऱ्यांची काळजी करू नकोस. माणसं ताना आणि तार सप्तकानं उठतात. मंद्रातला सा हळू आवाजात, ओठ मिटून धरलास तर पलीकडच्या खोलीतल्या नवऱ्यालाही कळणार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या आपल्या थंडीत तर गळा तापेपर्यंत ओठ मिटूनच कर.

आता तुझा खरा प्रश्न. खर्जानं मन शांत होतं असं मी कुणाला सांगत नाही. माझी पत्नी गेली त्या महिन्यात एक सा सरळ लागला नाही, श्वास मध्येच तुटायचा. पण तो तुटतोय हे रोज कळत होतं. दिवसभर लोकांना "ठीक आहे" म्हणायचो, पहाटे तानपुऱ्यापुढे ते चालायचं नाही. अ‍ॅपमधली बाई तुझं काहीच ऐकत नाही, ती आपली बोलत राहते.

आपल्या ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित, त्यांनी इथे १९१४ साली गाण्याचं विद्यालय काढलं, १९८९ला गेले, नव्वदी ओलांडून. उतारवयातही ते गात होते. एवढ्या आयुष्यात गळा एकसारखा राहतो होय? राहता राहिली तानसेनच्या समाधीजवळची चिंच. तिचा पाला खाल्ला की गळा येतो म्हणतात. मीही खाल्लाय, दात आंबले.

लष्करवाली
मास्तर, आज उतरवून बघितला. काळी चारवर खर्ज नीट लागला, पंचमाची तार मात्र अजून फरफरतेय. इंदूरच्या ताई, राग कसला! पोळ्यांबरोबर श्लोकही म्हणून बघेन.

एक विचारू का? सामान ट्रकनं जाणार. तानपुरा कसा न्यायचा? पॅकिंगवाला म्हणतो खोक्यात घालून देतो.

जनकगंजचे_मास्तर
खोक्यात मुळीच नाही! तारा दोन-तीन पीळ सैल कर, पूर्ण काढू नकोस. भोपळ्याला जुनी गोधडी गुंडाळ, खुंट्यांना वेगळं फडकं. ट्रकमध्ये न ठेवता रिक्षात स्वतः मांडीवर घेऊन बस, आणि रिक्षावाल्याला सांग, खड्डे बघून चालव. भोपळा तडकला तर जोडणारा माणूस शोधत मिरजेपर्यंत जावं लागेल. पंचमाचं फोनवर नाही जमायचं, रविवारी घेऊन ये.