१९५७ चा फांजिओ: हाताचं कसब की टायरचा हिशोब?

घाटमाथा

ऑफिसात जेवताना वाद झाला की रेसिंगच्या इतिहासातलं सगळ्यात भारी ड्रायव्हिंग कुठलं, आणि आमच्याकडची पोरं गेल्या दहा वर्षांच्या मागे जायलाच तयार नाहीत, म्हणून इथे मांडतोय. माझं मत ठाम आहे. ४ ऑगस्ट १९५७, जर्मनीतला न्यूर्बुर्गरिंग ट्रॅक, फॉर्म्युला वनची जर्मन ग्रां प्री, ड्रायव्हर हुआन मॅन्युएल फांजिओ. बाकी सगळे दुसऱ्या नंबरपासून सुरू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक लॅप जवळजवळ २३ किलोमीटरचा, असे २२ लॅप, सगळा डोंगर आणि झाडी, कडेला कठडे नाहीत, ड्रायव्हरला बेल्ट नाही. फांजिओ ४६ वर्षांचा, गाडी मासेराती २५०एफ. समोर फेरारीत माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स, दोघंही तिशीच्या आतले. फेरारीवाले टाकी फुल करून न थांबता जाणार होते, फांजिओ अर्ध्या टाकीवर निघाला, म्हणजे मध्ये एकदा थांबणं भागच होतं. बाराव्या लॅपपर्यंत त्याने अर्ध्या मिनिटाच्या आसपास लीड काढला आणि पिटमध्ये (पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागी) आला, तिथे चाक बदलताना नट घरंगळून गाडीखाली गेला आणि शोधाशोध सुरू! बाहेर पडला तेव्हा दोन्ही फेरारी पाऊण मिनिटाहून जास्त पुढे. उरले दहा लॅप.

मग पठ्ठ्याने लॅप रेकॉर्ड मोडायला सुरुवात केली, एकदा नाही, लॅपमागून लॅप. विसाव्या लॅपला ९ मिनिटं १७.४ सेकंद. त्याची स्वतःची पोलची वेळ (रेसच्या आधी पहिल्या जागेसाठी काढलेली सगळ्यात वेगवान वेळ) होती ९:२५.६, आणि आदल्या वर्षीचा रेकॉर्ड, तोही त्याचाच, ९:४१.६. म्हणजे एका वर्षात २४ सेकंद! एकविसाव्या लॅपला आधी कॉलिन्स मग हॉथॉर्न दोघांना मागे टाकलं आणि ३.६ सेकंदांनी जिंकला. पाचवं विजेतेपद तिथेच पक्कं झालं आणि ती त्याची शेवटची जिंकलेली ग्रां प्री ठरली.

आता बोला.

टॉर्करेंच

आलं का पुन्हा फांजिओ पुराण. मी त्याच्या विरोधात नाही पण या गोष्टीतून टायर कायम गाळले जातात त्याचं काय? फेरारीला कडक टायर होते, पूर्ण ५०० किलोमीटर टिकायला हवेत म्हणून. फांजिओकडे मऊ टायर, त्यात अर्ध्या रेसला नवे कोरे घातलेले. समोरचे दोघं बारा-तेरा लॅप झिजलेल्या टायरवर चाललेत आणि हा ताज्या रबरवर येतोय, मग पकडणारच की. याला आजच्या भाषेत स्ट्रॅटेजी म्हणतात आणि त्याचं श्रेय पिटमधल्या माणसांना जातं.

दुसरं म्हणजे फेरारीच्या दोघांना पिटमधून सांगितलेलं होतं की निवांत चला, हा आता काही येत नाही. बाहेर पडल्यावर फांजिओचे पहिले एक-दोन लॅप साधेच होते, टायर बसेपर्यंत, आणि ते बघून फेरारीवाले गाफील राहिले. न्यूर्बुर्गरिंगला पिटमधून ड्रायव्हरला अंतराची पाटी दाखवायची तर साडेनऊ मिनिटांतून एकदा, गाडी समोरून जाईल तेव्हाच. त्यांना कळेपर्यंत एक लॅप गेला, पोरं वेग वाढवेपर्यंत दुसरा. रेडिओ असता तर ही दंतकथा झालीच नसती.

सदूकाका_सांगली

आमच्याकडे बैलगाडी शर्यत जिंकली की गुलाल आधी बैलांवर पडतो. पण कासरा कोणाच्या हातात होता ते गावाला बरोबर माहीत असतं. टायर नवे होते म्हणून पोलपेक्षा आठ सेकंद कमी वेळ लागला म्हणता, मग पोलच्या वेळी काय जुने घातले होते का?

घाटमाथा

काका 🙏 हेच म्हणायचं होतं.

टॉर्करेंच, टायरचं मान्य, पण तुझा हिशोब अर्धाच आहे. हलक्या टाकीने आणि मऊ टायरने जे कमवायचं ते त्याने पहिल्या बारा लॅपमध्येच कमवलं होतं, आणि ते सगळं त्या नटाने पिटमध्ये गिळलं. त्या नटाबद्दल थोडं सांगतो कारण मला त्याची फार हळहळ वाटते. तेव्हा आपल्या गाडीसारखे चार-पाच बोल्ट नसायचे, मधोमध एकच मोठा कानांचा नट, हातोडा मारून सैल करायचा आणि हातोडा मारूनच आवळायचा. तो एक सापडला नाही की गाडी जागच्या जागी. मला याची कल्पना आहे कारण वरंधा घाटात चढताना माझ्या गाडीचं डावं चाक खडखडायला लागलं, उतरून बघतो तर चारपैकी दोन नट नुसते हाताने लावलेले, टायरवाल्याने आवळलेच नव्हते! पावसात टॉर्च तोंडात धरून आवळत बसलो होतो, बायको छत्री धरून उभी आणि तोंडाने सुरू. त्यानंतर घरी पोचेपर्यंत मी चाळीसच्या वर गेलो नाही. आणि हा माणूस तसल्या घोळानंतर रेकॉर्ड मोडत सुटला.

नवे टायर म्हणजे तरी काय, तेव्हाचे टायर पातळ, ब्रेक ड्रमचे, गाडी चारही चाकांवर घसरत घसरतच वळवायची. फांजिओने त्या दिवशी अनेक वळणं नेहमीपेक्षा एक गिअर वर ठेवून मारली. म्हणजे वळणात इंजिनचा ब्रेक कमी आणि वेग जास्त, गाडी तरंगत बाहेर जाते आणि आपण गवताच्या दोन इंच आत थांबेल अशा बेताने सोडायची. हे टायर करत नाहीत रे. कॉलिन्सला ओलांडताना त्याच्या चाकाखालचा दगड उडून कॉलिन्सच्या गॉगलची काच फुटली, एवढा तो कडेला चालवत होता.

पियू

मला वाटतं तुम्ही दोघं चुकीच्या रेसवर भांडताय. मोनॅको १९६१ घ्या. स्टर्लिंग मॉस.

त्या वर्षी नियम बदलून इंजिन दीड लिटरचं झालेलं, फेरारीकडे नवीन व्ही-सिक्स, मॉसकडे आदल्या वर्षीची लोटस १८ आणि चार सिलिंडरचं क्लायमॅक्स इंजिन, किमान तीसेक हॉर्सपॉवर कमी. कंपनीची टीम पण नाही, रॉब वॉकरची खाजगी टीम. चौदाव्या लॅपला तो पुढे गेला आणि शंभराव्यापर्यंत पुढेच राहिला, मागे बहुतेक वेळ एखादी फेरारी, शेवटी शेवटी रिची गिंथरची. लॅपमागून लॅप आरशात लाल गाडी!! उकाडा म्हणून लोटसचे बाजूचे पत्रे काढून टाकले होते, त्यामुळे लोकांना मॉस आत बसून काम करताना अख्खा दिसत होता, कोपर, गुडघे सगळं.

आणि हा माझा आवडता भाग. एकूण वेळ २ तास ४५ मिनिटं ५०.१ सेकंद. शंभर लॅपने भागा, एका लॅपची सरासरी १:३९.५ येते. त्याची पोलची वेळ १:३९.१. थांबलेल्या गाडीपासूनची सुरुवात धरून, एक लॅप मागे पडलेल्या गाड्यांमधून वाट काढत, पावणेतीन तास तो क्वालिफाइंगच्या, म्हणजे पोल काढतानाच्या, वेगाने चालवत होता. इथे टायरचा घोळ नाही, स्ट्रॅटेजी नाही, पाटी उशिरा दिसली नाही, फेरारीला सगळं समोर दिसत होतं आणि तरी जमलं नाही. जिंकला किती सेकंदांनी माहितीये? ३.६. तुमच्या फांजिओइतकेच. योगायोग आहे पण मला फार आवडतो.

टॉर्करेंच

पियू, आकडा भारी आहे, पण फसवा आहे. त्याच रेसचा फास्टेस्ट लॅप बघा, १:३६.३, आणि तो मॉस आणि गिंथर दोघांच्या नावावर आहे. म्हणजे पोलपेक्षा जवळजवळ तीन सेकंद कमी. याचा सरळ अर्थ पोल काढताना कोणी पूर्ण पिळून चालवलंच नव्हतं, रेसमध्ये रस्त्यावर रबर बसलं, टाकी हलकी होत गेली. मग ‘शंभर लॅप पोलच्या वेगाने’ यात चमत्कार उरतो कुठे? आणि सदूकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. तेव्हा प्रॅक्टिसमध्ये दर वेळी जीव काढून चालवायचेच असं नव्हतं, त्यामुळे पोलशी तुलना करून काहीच सिद्ध होत नाही.

मोनॅको हट्टाने घ्यायचंच असेल तर रेसच्या आदल्या दिवशीचं क्वालिफाइंग, म्हणजे शनिवार घ्या, १९८८ चा. सेन्ना आणि प्रॉस्ट, दोघांना सारखीच मॅक्लारेन, सारखंच होंडा इंजिन, आणि फरक १.४२७ सेकंद. ड्रायव्हर मोजायचा असेल तर गाडी एकच हवी. बाकी सगळ्या आजीच्या गोष्टी.

निवांत_नाना

तो शनिवारचा हिरो रविवारी मिनिटभराच्या आसपास लीड असताना कठड्यावर गेला आणि चिडून तिथूनच घरी निघून गेला. रेस जिंकली प्रॉस्टने. कसब म्हणजे गाडी घरी आणणं पण असतं ना.

सेन्नाचंच बघायचं तर इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या १९९३ च्या रेसचा पहिला लॅप. घरी केबल नवीन आलं होतं, वडील म्हणत होते काय त्या गाड्या गोल गोल बघतोस, आणि त्या पावसात हा पाचव्यावरून शूमाकर, वेंडलिंगर, हिल, प्रॉस्ट असे एकेक करत लॅप संपायच्या आत पहिला. प्रॉस्ट त्या दिवशी सात वेळा पिटमध्ये गेला, पाऊस आला टायर बदल, थांबला टायर बदल. मी तेव्हा आठवीत, दुसऱ्या दिवशी शाळेत कोणाला सांगावं तर कोणाला पत्ताच नाही.

टॉर्करेंच

नाना, त्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आणि ॲक्टिव्ह सस्पेन्शन होतं. पावसात चाक फिरणार नाही याची काळजी कॉम्प्युटर घेत होता. सेन्ना स्वतः १९८५ ची एस्टोरिलची पावसातली रेस वर मानायचा, तिथे लोटस टर्बो होती आणि असली कुठलीच मदत नव्हती.

निवांत_नाना

प्रॉस्टच्या विल्यम्समध्ये पण तेच सगळं होतं की, आणि इंजिन याच्यापेक्षा दमदार. एका लॅपला मागे टाकला त्याला. तुला कशातच काही चांगलं दिसत नाही का रे 😄

सदूकाका_सांगली

तुम्ही सगळे पन्नासच्या पुढेच अडकलात. १९३५, हेच न्यूर्बुर्गरिंग, ताझिओ नुवोलारी. समोर नऊ जर्मन गाड्या, मर्सिडीज पाच आणि ऑटो युनियन चार, सरकारी पैशाचा पाठिंबा, मैदानात स्वस्तिकवाले अधिकारी जर्मन विजयाची वाट बघत बसलेले. याच्याकडे जुनाट अल्फा रोमिओ, शंभराहून जास्त हॉर्सपॉवर कमी. पेट्रोल भरायला थांबला तर पंपच मोडला, डबे घेऊन नरसाळ्यातून भरलं, सव्वादोन मिनिटं गेली. तिथून उठून दुसरा आला आणि शेवटच्या लॅपला पुढच्या फॉन ब्राउखिचचं मागचं चाक फुटलं, हा जिंकला. वय ४२, अंगकाठी किरकोळ, पोरगेलेसा माणूस.

टॉर्करेंच

काका, म्हणजे चाक फुटलं म्हणून जिंकला ना?

सदूकाका_सांगली

फुटलं नाही, फोडायला लावलं. नुवोलारी मागून येतोय दिसल्यावर ब्राउखिच टायर जाळत सुटला, टायर संपत आलाय हे कळत असूनही थांबायची छाती झाली नाही कारण थांबला असता तर हा पुढे जाणार होता. कुस्तीत समोरच्याचा दम काढून मग चीत केला तर कोणी म्हणतं का की तो दमला होता म्हणून हरला?

पियू

काका 👏 टॉर्करेंच यावर काहीतरी बोला आता.

मी मॉसवर परत येते, कारण तुमचा पोलचा मुद्दा मी रात्रभर डोक्यात घोळवला आणि तो बरोबर आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. पोल ही मर्यादा नव्हती हे मान्य. मग मर्यादा कुठली? १:३६.३. गिंथरने ८४ व्या लॅपला ती वेळ काढली, जोरदार गाडी, हलकी टाकी, सगळं ओतून. आणि पुढच्याच लॅपला, ८५ व्या, मॉसने कमी ताकदीच्या गाडीत तीच वेळ काढली. दशांशापर्यंत तीच. आता हे रबर बसलं म्हणून झालं म्हणायचं का? रस्ता दोघांना एकच होता. अडीच तास चालवल्यावर हातात जेवढी गरज तेवढंच शिल्लक ठेवलेलं होतं त्या माणसाने.

आणि रेस सुरू व्हायच्या आधीची गोष्ट राहिलीच. ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) मॉसला चासिसच्या एका पाइपला तडा दिसला. टाक्या भरलेल्या. मेकॅनिक आल्फ फ्रान्सिसने ओले टॉवेल टाकीवर गुंडाळले आणि तिथेच गॅस वेल्डिंग केलं. आजूबाजूचे लोक लांब पळाले म्हणतात, मीही पळाले असते.

टॉर्करेंच

८५ व्या लॅपचं माहीत नव्हतं. हे मात्र चांगलं आहे, मान्य. गाडी वेगळी, रस्ता एक, एका लॅपच्या अंतराने वेळ एक. मला जे मोजमाप हवं होतं त्याच्या हे बरंच जवळ जातं. फांजिओवर मी अजून ठाम, तिथे दोन्हीकडचे टायर वेगळे होते आणि ते कधीच वेगळं काढता येणार नाही.

घाटमाथा

चला, एक तरी विकेट पडली, माझ्या बॉलवर नाही पण पडली. मी माझ्या ९:१७.४ वरून हलत नाही. ती वेळ त्या दिवशी नव्या टायरवर दुसऱ्या कोणी काढून दाखवली असती तर वेगळं बोललो असतो, मासेरातीच्याच बाकी ड्रायव्हरांना गाडी तीच होती की.

निवांत_नाना

एक विचारू का, त्या गिंथरने सगळ्यात वेगवान लॅप मारला, शेवटी शेवटी मॉसच्या मानगुटीवर बसला, आणि ३.६ सेकंदांनी हरला, तर त्याचं ड्रायव्हिंग या यादीत का नाही?

पियू

नाना तुम्ही त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.