मदत हवी आहे: मज्जारज्जूची दुखापत आणि वाढतं वय

माझ्या दादाला ऐन विशीत मज्जारज्जूची दुखापत झाली, तेव्हापासून व्हीलचेअर. आता पन्नाशी ओलांडलीय आणि खांदेदुखीने डोकं वर काढलंय. पलंगावरून खुर्चीत सरकताना सगळा भार हातांवर येतो. मूठ टेकवून अंग उचललं की उजवा खांदा कळवळतो. डॉक्टर म्हणतात, हाताला आराम द्या. अहो, पण हातच तर त्याचे पाय आहेत!

अमेरिकेत अशाच लोकांचा १९७३ पासून दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यात तब्येत, नोकरी, आयुष्याबद्दलचं समाधान असं सगळं त्याच माणसांना वर्षांच्या अंतराने पुन्हा विचारलं गेलं. त्याचे किंवा तशा अभ्यासांचे निष्कर्ष कुणी सोप्या मराठीत मांडलेत का? वयामुळे काय होतं आणि दुखापतीमुळे काय, हे मला वेगळं करून समजून घ्यायचंय.

दुसरं म्हणजे, पंचवीस-तीस वर्षं खुर्चीवर काढलेल्यांनी बॅटरीच्या खुर्चीकडे कधी वळावं? दादा ठाम नकार देतो, म्हणतो उरलीसुरली ताकदही जाईल. पलंग आणि खुर्चीच्या मधे टाकून त्यावरून सरकायची फळी वापरून खांद्याला खरंच फरक पडतो का? बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गाची काळजी आम्ही घेतो, त्यावर सल्ला नको. स्वतः यातून गेलेल्यांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी लिहिलंत तर फार बरं होईल.